सभेचा आवाज दप्तरी दाखल करा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीची प्रोसिडिंग बही उघडा. पान कोणतंही असो, एक वाक्य तिथे भेटतंच: 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' खाली सूचक, अनुमोदक, सरपंचाची सही आणि शिक्का. चर्चेत कोण उठलं, कोणी काय विचारलं, उत्तर काय मिळालं, विरोध कोणी केला आणि कशासाठी केला, यातलं काहीच त्या पानावर नसतं. शंभर माणसं दोन तास बोललेली असतात आणि ते सगळं एका ओळीत गडप होतं. पुढे दहा वर्षांनी जमिनीचा, रस्त्याचा, पाण्याचा वाद उभा राहिला की पंचायत समितीत आणि कोर्टात पुरावा म्हणून हीच ओळ वाचली जाते.

माझी मागणी दोन भागांची आहे. ग्रामसभा, पंचायतीची मासिक सभा, नगरपरिषदेची आणि महापालिकेची सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, या सगळ्यांचं ध्वनिमुद्रण कायद्याने सक्तीचं व्हावं. आणि ते मुद्रण ठराव बहीच्या तोडीचा अभिलेख मानला जावा: त्याला नोंद क्रमांक असावा, जपण्याची मुदत असावी, मागेल त्याला ते ऐकायला मिळावं. पहिल्या भागाबद्दल थोडीफार चर्चा होते. दुसऱ्याबद्दल जवळजवळ होतच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

एका गावच्या ग्रामसभेला मी बसले होते. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या टाकलेल्या, एका बाजूला टेबल, त्यावर हजेरीचं रजिस्टर. जलजीवन मिशनचा विषय निघाला तेव्हा मागच्या वस्तीतली एक बाई उठली. ती म्हणाली, "टाकी बांधून दोन पावसाळे झाले. नळाला तोटी लावून फोटो काढून नेला. तोटी गंजली, पाण्याचा थेंब नाही. बिल निघालं का नाही तेवढं सांगा." टेबलामागे कुजबुज झाली. उत्तर आलं की बिल अंशतः दिलं आहे, बाकीचं काम पुढच्या महिन्यात पूर्ण होईल. बाईने पुन्हा विचारलं, "पुढचा म्हणजे कोणता?" कोणीतरी महिन्याचं नाव घेतलं. सभेने ते ऐकलं. नंतर इतिवृत्ताची प्रत पाहिली तर त्यात होतं: 'पाणीपुरवठा योजनेच्या कामाचा आढावा घेण्यात आला.' बिल अंशतः दिल्याची कबुली नाही, महिन्याचं नाव नाही, बाईचा प्रश्न नाही. आढावा घेण्यात आला हे खोटं नव्हतं. पण त्या बाईला पुढच्या सभेत जाब विचारायचा असेल तर तिच्या हातात ठेवण्यासारखं त्या ओळीत काही नव्हतं.

लेखी इतिवृत्ताची ही जुनी खोड आहे. ते निर्णय टिपतं आणि विरोध गाळतं. 'सर्वानुमते' म्हटलं की एकटा पडलेला माणूस कागदावरून पुसला जातो, आणि स्थानिक कारभारात अनेकदा तो एकटाच बरोबर असतो.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचे ठरलं, तेव्हा जोतीरावांनी त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असं त्यांचं म्हणणं होतं. बत्तीस सभासदांत विरोधी मत देणारे ते एकटेच होते, असं त्यांची चरित्रं सांगतात. हे आज आपल्याला ठाऊक आहे कारण तो विरोध नोंदला गेला आणि टिकला. त्या दिवशीच्या कारकुनाने 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' असं लिहून वही मिटली असती, तर त्या एका मताचा मागमूस उरला नसता.

वरच्या पातळीवर आपण हे केव्हाच ओळखलं आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना खेड्यांबद्दल फार कठोर शब्द वापरले. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर, असा त्यांचा रोख होता. अनेक सभासद चिडले, त्यांनी उत्तरं दिली, आणि त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं कलम संविधानात दाखल झालं. आज ते कलम ४० आहे. हा वाद कोणी कोणत्या शब्दांत घातला हे आपण आजही वाचू शकतो, कारण लघुलेखकांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. महाराष्ट्राच्या विधिमंडळातही प्रतिवेदक बसतात आणि सभागृहातलं बोलणं जसंच्या तसं उतरवतात. संसदेचं कामकाज देशभर थेट दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाचं तत्त्व मान्य केलं, आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या लोकांना घरी बसून पाहता येऊ लागल्या. शिवसेना कोणाची, या वादाची सुनावणी त्याच पहिल्या दिवशी मराठी माणसाने मोबाइलवर पाहिली.

म्हणजे दिल्लीतलं घटनापीठ काय विचारतं ते मला दिसतं. माझ्या गावात शाळेची खोली पाडायची की दुरुस्त करायची यावर काय बोलणं झालं, ते मात्र एका ओळीत मिळतं. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. ग्रामसभेला संविधानात जागा मिळून तीस वर्षं उलटली, तरी तिथल्या बोलण्याला दप्तरात जागा नाही.

गावाकडे ज्यांचा वावर आहे त्यांना कागद कसा तयार होतो ते सांगायला नको. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे पहिली सभा कागदावर तहकूब करायची आणि दुसरी पंधरा-वीस जणांत उरकायची, ही वाट अनेक गावांत मळलेली आहे. काही ठिकाणी हजेरीचं रजिस्टर सभेनंतर घरोघर फिरतं. कुठे सह्या आधी घेतात आणि वरची जागा मोकळी ठेवतात. शिवाय 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' हे विषयपत्रिकेच्या शेवटी पडलेलं गाठोडं असतंच. लोक उठून चपला शोधत असतात तेव्हा त्या गाठोड्यातून एखादा ना हरकत दाखला, एखादी जागा भाड्याने देण्याचा ठराव बाहेर पडतो. शहरात याच जागी उपसूचना असते. सभागृहात आरडाओरडा, राजदंडाची ओढाताण, कोणाचं कोणाला ऐकू येत नाही आणि तेवढ्यात पाच विषय 'मंजूर, मंजूर' म्हणत निकाली निघतात. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना एखादा नगरसेवक म्हणतो, हा ठराव झालाच नव्हता, घुसडला आहे. दुसरा म्हणतो, झाला होता. निवाडा कशाच्या आधारे करायचा? ज्याचं बहुमत त्याचं इतिवृत्त, असा आजचा हिशेब आहे.

ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, बोट दाखवून भागणार नाही. एकेका माणसाकडे दोन-दोन गावं असतात. सभा चालवायला मदत तोच करतो, लाभार्थ्यांच्या याद्या तोच वाचतो, आणि इतिवृत्तही त्यानेच लिहायचं. सरपंच एका बाजूने सांगतो हे लिहू नका, विरोधी गट दुसऱ्या बाजूने धमकावतो हे लिहिलंच पाहिजे. ध्वनिमुद्रण असेल तर सर्वांत आधी पाठराखण होईल ती त्याचीच. 'मी लिहिलं ते सभेत बोललं गेलं होतं, ऐका' एवढं त्याला म्हणता येईल.

सभेचं मुद्रण ही कल्पना आपल्याकडे परकीही नाही. केंद्र सरकारची २००६ सालची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना काढून पाहा. एखाद्या मोठ्या प्रकल्पासाठी जनसुनावणी घ्यायची तर तिचं संपूर्ण चित्रीकरण प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायचं आणि त्याची प्रत कार्यवृत्तासोबत पाठवायची, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. इतकंच नाही, सुनावणीच्या शेवटी लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा त्याच जागी, स्थानिक भाषेत, सगळ्यांना वाचून दाखवायचा. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. जनसुनावण्यांत पुष्कळ गैरप्रकार होतात हे खरं, पण ते चित्रीकरणामुळेच अनेकदा उघडे पडतात. मग कारखान्यासाठी जे तत्त्व शासनाने वीस वर्षांपूर्वी मानलं, ते गावाच्या स्वतःच्या सभेला का नको?

ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण या संदर्भात आठवतं. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या आदेशानंतर तिथल्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीबद्दल आपला कौल द्यायचा होता. जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून हजर राहिले. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली आणि तो नकार कोणालाही फिरवता आला नाही. उलट छत्तीसगडमधल्या हसदेव अरण्यात कोळशाच्या खाणीला ग्रामसभांनी संमती दिल्याचे ठराव बनावट असल्याचा आरोप तिथले आदिवासी वर्षानुवर्षं करत आहेत. २०२१ मध्ये ते रायपूरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर चालत गेले. संमती दिली की नाही, यावर एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला अख्खं गाव असा सामना पडतो, तेव्हा त्या दिवशीच्या सभेचा आवाज असणं किती मोठी गोष्ट आहे हे वेगळं सांगायला नको. आपल्या गडचिरोलीला आणि तळकोकणाला हा प्रश्न लांबचा नाही.

आता जपण्याबद्दल. अनेक सरपंच ग्रामसभा फेसबुकवर लाइव्ह करतात, नगरसेवक सभागृहातल्या आपल्या भाषणाची क्लिप टाकतात. वाद होणार अशी चिन्हं असली की पोलीस बंदोबस्तासोबत चित्रीकरणाचीही मागणी होते आणि लग्नाचे व्हिडिओ काढणारा फोटोग्राफर येऊन शूटिंग करून जातो. मुद्रण होतं. राहतं कुठे? सरपंचाच्या खासगी पेजवर. सरपंच बदलला की पेज बंद, किंवा नेमका अडचणीचा व्हिडिओ गायब. ग्रामसेवकाने मोबाइलवर टिपलं असेल तर त्याची बदली झाली की ते मोबाइलसोबत पुढच्या गावाला जातं. फोटोग्राफरने कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलेलं असतं. कुठेही आवक-जावक नोंद नाही, कपाटात नाही, यादीत नाही. माहिती अधिकारात अर्ज केला की 'सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही' हे उत्तर तयार असतं आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरंही असतं. अर्जदाराचा दहा रुपयांचा स्टॅम्प आणि तीस दिवस वाया. अपिलात जायचं तर पंचायत समितीच्या खेपा वेगळ्याच.

कार्यालयीन दप्तराची आपली शिस्त जुनी आणि चांगली आहे. कोणता कागद अ वर्गात म्हणजे कायमचा ठेवायचा, कोणता ड वर्गात टाकून वर्षभराने नष्ट करायचा, याचं वर्गीकरण प्रत्येक कारकुनाला पाठ असतं. सभेच्या ध्वनिमुद्रणाला या वर्गीकरणात जागा द्या, एवढीच विनंती आहे. ग्रामसभेचं आणि सर्वसाधारण सभेचं मुद्रण अ वर्गात जावं, असं माझं मत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे एकदा मुद्रण अभिलेख ठरलं की 'चुकून डिलीट झालं' म्हणणं सोपं राहणार नाही.

मुदत हा बारीक वाटणारा मुद्दा आहे, पण अख्खा कायदा त्यावर तरतो किंवा बुडतो. कॅलिफोर्नियात १९५३ पासून खुल्या सभांचा कायदा आहे. सभेला आलेल्या कोणालाही तिचं मुद्रण करता येतं, आणि संस्थेने स्वतः केलेलं मुद्रण सार्वजनिक अभिलेख मानलं जातं. पण तेच मुद्रण तीस दिवसांनंतर पुसून टाकण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. गावातला रस्ता कुठून न्यायचा हे ठरतं आज, बांधला जातो तीन वर्षांनी आणि वाहून जातो पाचव्या वर्षी. तीस दिवसांत कोणाला काय कळणार? आपल्याकडे नियम करताना ही पळवाट राहू देऊ नये.

खर्चाचं कारण पुढे येईल हे माहीत आहे, म्हणून हिशेब मांडते. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. वर्षाला किमान चार ग्रामसभा धरल्या तर एक लाख बारा हजार सभा झाल्या. प्रत्येक सभा दोन तासांची आणि मुद्रण फक्त आवाजाचं, साध्या पण स्पष्ट दर्जाचं, धरलं तर एका सभेची फाइल साठ एमबीच्या आत बसते. सगळ्या राज्याचा वर्षभराचा आवाज सात टीबीच्या आत मावतो. एवढी जागा आज बाजारात मिळणाऱ्या एका मोठ्या हार्ड डिस्कवर असते. दोन प्रती करायच्या तर दोन. पुण्या-मुंबईच्या एखाद्या चौकातल्या सुशोभीकरणाला याहून कितीतरी जास्त पैसा लागतो.

चित्रीकरणापेक्षा मी ध्वनिमुद्रणावर भर देते याला खर्च हे एकच कारण नाही. कॅमेऱ्याची भीती खरी आहे आणि ती ज्यांना वाटते त्यांच्यासाठीच ग्रामसभा आहे. ज्याच्या रानात मजुरीला जायचं त्याच्याच भावाच्या ठेक्याबद्दल प्रश्न विचारणारी दलित बाई, सासऱ्यासमोर पहिल्यांदा उठलेली सून, यांच्या तोंडावर कॅमेरा रोखला तर त्या बसून घेतील. टेबलावर ठेवलेला रेकॉर्डर तेवढा डोळ्यांत येत नाही. आवाजाची क्लिप कापून, खाली रंगीत अक्षरं टाकून बदनामी करणंही चेहऱ्याइतकं सोपं नाही. ज्यांना चित्रीकरण झेपतं त्यांनी जरूर करावं, पण टेबलाच्या दिशेने करावं, कारण उत्तर देण्याची जबाबदारी टेबलावर बसलेल्यांची आहे.

अर्थात आवाजही ओळखू येतो. गावात तर खोकल्यावरून माणूस ओळखतात. पण मुद्रण नाही म्हणून त्या बाईचं नाव आज लपतं असं थोडंच आहे? ती भर सभेत बोलली, सगळ्या गावाने ऐकलं, ज्याला राग यायचा त्याला आला. तिचं बोलणं नोंदलं न गेल्याने तिला धोका तेवढाच राहतो आणि पुरावा मात्र हातातून जातो. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत महिलांना निम्म्या जागा आहेत. सरपंच बाई खुर्चीवर आणि कारभाराची उत्तरं शेजारी बसलेले त्यांचे यजमान देतात, हे चित्र सगळ्यांनी पाहिलं आहे. इतिवृत्तात मात्र 'सरपंच यांनी माहिती दिली' असंच लिहिलेलं असतं. मुद्रणात कोण बोललं ते ऐकू येईल. ज्या सरपंच स्वतः कारभार सांभाळतात, त्यांचं कर्तृत्वही तिथेच पहिल्यांदा नोंदलं जाईल.

दुसरा आक्षेप असा की मुद्रण चालू आहे म्हटलं की लोक भाषणं ठोकतील. काही ठोकतीलच. आजही ठोकतात. त्यासाठी अभिलेख नाकारण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा. हा सर्वांत जास्त विचार करण्यासारखा आहे आणि यापुढे सर्वांत जास्त पुढे केला जाणार आहे. घरकुलाच्या याद्या वाचताना कोणाचं वैधव्य, कोणाचं अपंगत्व, कोणाचं दारिद्र्य, सगळं बोललं जातं. अशा भागाचं मुद्रण सरसकट इंटरनेटवर टाकू नये. कार्यालयात येऊन ऐकण्याची सोय ठेवावी, आणि आजाराची किंवा कौटुंबिक बाब निघाली तर तेवढा भाग बाजूला काढण्याचा निर्णय सभेने, कारण नोंदवून, घ्यावा. एवढी काळजी घेता येते. पण नव्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये जी दुरुस्ती केली, तिचा मला धसका आहे. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध असलेली माहिती वैयक्तिक म्हणून नाकारता येत नसे. आता तो अपवादच कलमातून काढला आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती लागू झाली आहे. उद्या एखादा माहिती अधिकारी म्हणेल, सभेत बोलणाऱ्यांचे आवाज ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. त्याला उत्तर आजच तयार हवं. जी सभा कायद्याने सगळ्या मतदारांना खुली आहे, दवंडी देऊन बोलावली आहे, तिथे सार्वजनिक विषयावर बोललेलं वाक्य खासगी असू शकत नाही. शिवाय कलम ८(२) अजून शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. नियमांत मुद्रणाला सार्वजनिक अभिलेख म्हणून स्पष्ट नाव दिलं तर हा वाद उद्भवणारच नाही.

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये 'सभासार' नावाची सोय आणली. ग्रामसभेचं मुद्रण तिच्यात टाकलं की कृत्रिम बुद्धिमत्ता आपोआप इतिवृत्त तयार करून देते. सुरुवात तेरा भाषांनी झाली आणि भाषिणी या केंद्राच्या भाषांतर-यंत्रणेचं तंत्रज्ञान तिच्या पाठीशी आहे. मला हे पाऊल चांगलं वाटतं, कारण निदान मुद्रण करावं लागेल हे त्यात गृहीत आहे. पण इथेच सावध राहायला हवं. यंत्राने सार काढला, सचिवाने सही केली आणि मूळ मुद्रण पुसलं, असं झालं तर आपण होतो तिथेच राहू. फक्त 'सविस्तर चर्चा होऊन' हे वाक्य आता यंत्र लिहील. आणि भाषेचं काय? भामरागडच्या सभेत लोक माडियात बोलतात, धारणीत कोरकूत, अक्कलकुव्यात भिलीत. पुस्तकी मराठीवर घडलेल्या यंत्राला अहिराणीतला टोमणासुद्धा कळेल याची खात्री देता येत नाही. सार चुकला तर मुळाशी जाऊन पडताळायला मूळ आवाज हवाच. माडिया, कोरकू बोलणाऱ्या सभांच्या मुद्रणाचं मोल त्याहून मोठं आहे. या भाषांत माणसं आपल्या जंगलाचा, पाण्याचा कारभार कसा चर्चून ठरवतात याची लेखी नोंद आपल्याकडे फार थोडी आहे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने एकमताने निर्णय घेण्याची रीत अनेक वर्षं चालवली. एकमत होईपर्यंत किती बोलावं लागतं, कोण कोणाला कसं पटवतं, हे ऐकायला मिळालं तर बाकीच्या गावांना शिकण्यासारखं त्यात पुष्कळ असेल.

शहरांच्या बाबतीत तर वेळ नेमकी आली आहे. मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत जवळपास पावणेचार वर्षं तिथे सभागृहच नव्हतं. राज्यातल्या इतर महापालिकांतही प्रशासक बसले होते. २०२५-२६ चा मुंबईचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यावर निवडून आलेल्या एकाही माणसाने सभागृहात उभं राहून प्रश्न विचारला नाही, कारण विचारायला कोणी नव्हतंच. सर्वसाधारण सभेच्या अधिकारात, स्थायी समितीच्या अधिकारात, प्रशासकाने ठराव केले. एका माणसाने स्वतःपुढे प्रस्ताव ठेवायचा आणि स्वतःच मंजूर करायचा, याचं इतिवृत्त तरी काय असणार? आता २९ महापालिकांत माणसं निवडून आली आहेत. नवी सभागृहं जुन्या सवयी लावून घेण्याच्या आत त्यांच्याकडून हे वदवून घेतलं पाहिजे. महापालिकेत ध्वनिक्षेपक आहेत, तंत्रज्ञ आहेत, संकेतस्थळ आहे. तिथे फक्त आवाज पुरेसा नाही. थेट प्रक्षेपण हवं, आणि स्थायी समितीचं तर आधी हवं, कारण निविदा तिथे मंजूर होतात. विषयपत्रिकेतल्या प्रत्येक विषयापुढे मुद्रणातली वेळ लिहिली, तर सहा तासांच्या सभेतून आपल्या प्रभागाचा विषय नागरिकाला दोन मिनिटांत सापडेल. अशी अनुक्रमणिका नसेल तर मुद्रण असून नसल्यासारखंच.

नागरिकाने स्वतः मुद्रण करण्याचा हक्कही लिहून ठेवायला हवा. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०१४ पासून स्थानिक परिषदांच्या खुल्या सभांचं चित्रीकरण कोणीही करू शकतं, तसा नियमच आहे. आपल्याकडे ग्रामसभेत मोबाइल वर धरला की 'बंद कर तो आधी' असा दम मिळतो आणि कोणत्या नियमाखाली, हे विचारायची सोय नसते. कार्यालयाचं मुद्रण एक, नागरिकाचं दुसरं, अशी दोन असली की एकातला भाग गायब करून काही साधत नाही.

राज्य सरकारने ग्रामपंचायत अधिनियमाखालच्या नियमांत आणि महापालिका, नगरपरिषदांच्या कायद्यांत बदल करावेत, हा झाला मुख्य रस्ता. त्याला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. पण गावाला तोवर थांबायचं कारण नाही. ग्रामसभा स्वतःच्या कामकाजाचं मुद्रण करण्याचा ठराव आजही करू शकते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. विषय आधीच लेखी देऊन पत्रिकेवर घ्यायला लावा, ऐनवेळच्या विषयांत तो ढकलू देऊ नका. ठराव असा मांडता येईल:

'या ग्रामपंचायतीच्या सर्व ग्रामसभा, महिला सभा व मासिक सभांचे सुरुवातीपासून अखेरपर्यंत ध्वनिमुद्रण करण्यात यावे. मुद्रणाची नोंद ठराव बहीत सभेच्या तारखेसह क्रमांक देऊन करावी. एक प्रत ग्रामपंचायत कार्यालयात व एक प्रत पंचायत समितीकडे सात दिवसांत जमा करावी. इतिवृत्ताचा मसुदा सभा संपण्यापूर्वी वाचून दाखवावा व त्यात विरोध करणाऱ्यांची नावे व कारणे नमूद करावीत. मुद्रण कायम अभिलेख म्हणून जतन करावे व कोणाही मतदारास कार्यालयीन वेळेत विनामूल्य ऐकू द्यावे. सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी बदलल्यास कार्यभाराच्या यादीत मुद्रणांची संख्या लिहून ती ताब्यात द्यावीत व घ्यावीत.'

सूचक म्हणून कोणीही उभं राहू शकतं.